गाडीची बेगमी

गेल्या नोव्हेंबरात एका जुम्म्याच्या संध्याकाळी कॅनडाहून पुतण्याचा फोन आला. टोरोंटोच्या बाजूला तो नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी हौसेनं तिथं त्यानं मोटरसायकल घेतली आहे. सलाम-दुआ झाल्यावर म्हणाला, "चाचा, इथं थंडी पडली. थोड्या दिवसांत रस्त्यावर मीठ टाकायला लागतील. आता एप्रिलपर्यंत गाडी बंद. तुम्ही दर पावसाळ्यात घरची गाडी ठेवता ना, तेव्हा काय काय करता ते जरा सांगा."

फोन स्पीकरवर होता. आम्हा सगळ्यांना हसू आलं. रत्नागिरीत नोव्हेंबर म्हणजे पडवीतली गाडी बाहेर निघून महिना-दीड महिना झालेला असतो. त्याची गाडी आत जाते तेव्हा आमची रस्त्यावर असते, आणि आमची आत जाते तेव्हा त्याची बाहेर. पण विचार केला तर दुखणं एकच. तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ पसरतात. आमच्याकडे तेच मीठ समुद्रावरून वाऱ्याबरोबर फुकट येतं. लोखंडाला दोन्ही सारखंच खातं.

सुचलं तेवढं त्याला सांगितलं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, खरं ते सांगायचं राहूनच गेलं. ते इथं लिहीत आहोत.

कोकणातल्या माणसाला आगोट समजावून सांगायला नको. मे महिना अर्धा सरला की घराघरात तीच धांदल. कौलं चाळून शाकारणी करायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, आमसुलं, सुकट, बोंबील, मीठ डब्यांत बंद करायचं. राजिवड्याच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात. मिरकरवाड्याला ट्रॉलर एकमेकांना चिकटून उभे राहतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिकी मासेमारीला बंदी असते, आणि बंदी नसती तरी त्या दर्यात जायची कुणाची छाती होती? वर ओढलेल्या होडीवर पूर्वी नारळाच्या झावळ्यांचे झाप घालत, आता ताडपत्री येते. मिरगाच्या आधी हे सगळं उरकलं पाहिजे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात "उद्या करू" म्हणून चालत नाही.

या तयारीला आपण बेगमी म्हणतो. शब्द फारसीतून आलेला. बे म्हणजे विना आणि गम म्हणजे चिंता. घरात भरून ठेवलं की चिंता मिटली, असा त्याचा हिशेब. आमच्या घरात १९८८ पासून आगोटीच्या यादीत एक कलम वाढलं, ते म्हणजे भाईची गाडी.

भाई आमचा थोरला. आम्ही म्हणजे त्याच्या पाठची तीन भावंडं, दोन भाऊ आणि एक बहीण. भाई १९८४ साली कुवेतला गेला. तेव्हा आमच्या खाडीकाठच्या वाडीतला प्रत्येक दुसरा-तिसरा माणूस आखातात किंवा जहाजावर होता. आमच्या आधीची पिढी मुंबईला आगबोटीवर गेली, आमची विमानानं गेली, एवढाच फरक. १९८८ च्या सुट्टीत भाईनं हिरो होंडा सीडी १०० घेतली. काळा रंग, चार स्ट्रोकचं इंजिन, आवाज एकदम बारीक. राजदूत आणि येझदीच्या आवाजाला सरावलेली वाडीतली पोरं म्हणाली, "ही चालू आहे की बंद?" त्या गाडीची एक जाहिरात त्या काळी सगळ्यांच्या तोंडी होती: फिल इट, शट इट, फर्गेट इट. भरा, बंद करा, विसरून जा. भाई म्हणायचा, "पेट्रोलपुरतं खरं आहे. ठेवताना विसरलास तर मात्र गाडी गेली."

सुट्टी दोन महिन्यांची. तेवढ्यात भाई गाडीवरून सगळे नातेवाईक फिरून यायचा, अब्बांना बाजारात न्यायचा, अम्माला माहेरी पोचवायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात परत जायचा. उरलेले दहा महिने गाडीला वाली कोण? अब्बांना चालवता येत नव्हती. आमच्याकडे लायसन नव्हतं. म्हणून जाण्याच्या आदल्या दोन दिवसांत तो गाडी ठेवायला बसायचा आणि आम्हाला समोर बसवायचा.

आधी गोड्या पाण्यानं सगळी गाडी धुवायची आणि पूर्ण दोन उन्हं दाखवायची, कारण खारं चिकटलेलं असताना कापड टाकलं तर गंज कापडाखालीच वाढतो. मग इंजिन थोडं तापवून जुनं तेल काढायचं आणि नवं भरायचं. आम्ही विचारलं होतं, गाडी चालणारच नाही तर नवं तेल कशाला? तो म्हणाला, जळलेल्या तेलात आम्ल तयार झालेलं असतं, ते महिनोन् महिने आत राहिलं तर धातूला खातं. टाकी काठोकाठ भरायची, कारण रिकाम्या जागेत हवा राहते, हवेतली ओल पत्र्यावर धरते आणि टाकी आतून गंजते. कॉक बंद करून कार्बुरेटरच्या खालचा स्क्रू ढिला करायचा नि त्यातलं पेट्रोल सांडून द्यायचं, नाहीतर ते आटून त्याचा डिंक होतो आणि जेट बुजतो. प्लग काढून त्या भोकात चमचाभर तेल सोडायचं, किक हातानं हळूहळू पाच-सहा वेळा दाबायची, म्हणजे तेल सिलिंडरच्या भिंतींना लागतं. प्लग परत बसवायचा.

बॅटरी काढताना काळी वायर आधी. बॅटरी घरात फळीवर ठेवायची, पाणी बघायचं आणि महिन्यातून एकदा चार्ज करून आणायची. साखळी रॉकेलनं धुवून तेलपाणी करायचं. गाडी मधल्या स्टँडवर आणि पुढच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा, म्हणजे टायर एकाच जागी दबून चपटा होत नाही. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा, नाहीतर गांधीलमाशी घर करते किंवा उंदीर शिरतो. सीटखाली डांबरगोळ्या, वायरींसाठी. आणि शेवटी चावीला लाल दोरा. तो कशासाठी? गाडी काढणाऱ्यानं दोरा बघितला की बोळ्याची आठवण झाली पाहिजे.

"आणि मधेमधे चालू करू नका," हे तो दरवर्षी बजावायचा. "लोकांना वाटतं, आठवड्याला दोन मिनिटं चालू केली की गाडी चांगली राहते. उलट आहे. थंड इंजिन दोन मिनिटं चाललं की आत पाणी धरतं, ते वाळायला इंजिन पुरतं तापतच नाही. एक तर नीट चालवा, नाहीतर हात लावू नका."

पहिल्याच वर्षी आम्ही एक शहाणपण केलं. भाईनं गाडीवर जुनी सुती चादर टाकली होती. तो गेला आणि धो धो पाऊस लागला. पडवीत झड यायची. आम्हाला वाटलं, चादरीनं काय होणार? बाजारातून जाड प्लास्टिक आणलं, गाडी पुरती गुंडाळली, खालून सुतळीनं करकचून बांधली. पाण्याचा थेंब आत जाणार नाही याची आम्हाला फार धन्यता वाटली. सप्टेंबरात सोडून बघतो तर हँडल, रिम, किक, सगळ्यावर तांबूस बुरा. बाहेरचं पाणी आत गेलंच नव्हतं, पण आतली ओल बाहेरही गेली नव्हती. पुढच्या सुट्टीत भाईनं बघितलं. तो रागावला नाही. रॉकेलचा बोळा आमच्या हातात दिला आणि म्हणाला, "पुसा. झाकायचं, पण कोंडायचं नाही."

१९९० साली रमजान ईद एप्रिलच्या अखेरीस आली. भाई ईदला घरी होता. भाभी आणि वर्षाचा मुलगा, म्हणजे हाच आज फोन करणारा पुतण्या, इथंच असायचे. त्या वर्षीही जूनच्या पहिल्या आठवड्यात भाईनं गाडी ठेवली. सायलेन्सरला आपल्या जुन्या चौकड्याच्या लुंगीचा बोळा लावला, चावीला लाल दोरा बांधला, चावी अम्माकडे दिली आणि गेला.

२ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या.

बातमी आम्ही रेडिओवर ऐकली. त्यानंतर फोन नाही, पत्र नाही, तार नाही. वाडीतल्या कित्येक घरांची तीच गत होती. संध्याकाळी मगरिबनंतर माणसं आमच्या ओट्यावर जमायची, कारण आमचा रेडिओ चांगला लागायचा. बीबीसीची उर्दू सेवा, मग आकाशवाणी. कोणी सांगायचं, आपले लोक बगदादमार्गे जॉर्डनला निघालेत. कोणी सांगायचं, सरहद्दीवर वाळवंटात तंबूंत पडलेत, पाण्याला महाग. आपले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन आले. अम्मानहून एअर इंडियाची विमानं सुटू लागली. त्या विमानांनी एक लाखाहून अधिक माणसं मायदेशी आणली, हे आज सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळी आम्हाला एकच माणूस हवा होता आणि त्याचं नाव कुणाच्या यादीत दिसत नव्हतं.

पैसा थांबला. अब्बांची पेन्शन नव्हती. थोडी शेती, चार हापूसची कलमं, आणि बाकी सगळं भाईच्या ड्राफ्टवर. ऑगस्टच्या शेवटी पावसकडचे एक मास्तर घरी आले. गाडी ठेवलेली त्यांनी पूर्वी बघितली होती. फार अदबीनं बोलले. अडचण ओळखून आले होते, पण अडचणीचा फायदा घेणारा माणूस नव्हता. किंमत बरी सांगितली. अब्बा गप्प राहिले. घरात किराण्याची उधारी झाली होती. आमच्या बहिणीच्या कॉलेजची फी भरायची होती. आम्ही मनातून तयार होतो, हे आज कबूल करतो. आमच्यातल्या एकानं तर तोंडानं बोलूनही दाखवलं, "भाई आला तर दुसरी घेईल."

अम्मा आतून आली. तिनं मास्तरांना चहा दिला आणि म्हणाली, "मास्तर, ही गाडी आमची नाही. ज्याची आहे त्याला विचारल्याशिवाय कशी देऊ? तो आला की त्याला विचारा."

ती "आला तर" म्हणाली नाही. मास्तरही समजले. "बरोबर आहे," म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

त्या रात्री पाऊस जोरात होता. अम्मा पडवीत गाडीजवळ उभी होती. म्हणाली, "एकदा चालू करा रे. आवाज तरी ऐकू दे."

भाईचं बजावणं आम्हाला पाठ होतं. आम्ही अब्बांकडे पाहिलं. अब्बा म्हणाले, "करा." मग आम्ही जे काही केलं ते त्यानंच शिकवलेल्या रीतीनं केलं. बोळा काढला. बॅटरी जोडली, लाल वायर आधी, काळी नंतर. कॉक उघडला, चोक ओढला. दोन-तीन किका मारल्या. सायलेन्सरमधून निळसर धूर आला, आम्ही सिलिंडरमध्ये सोडलेलं ते तेल जळत होतं. मग इंजिन लागलं. तोच बारीक आवाज. शेजारची माणसं कंदील घेऊन धावत आली. त्यांना वाटलं, भाई आला. चूक कळल्यावरही कुणी परत गेलं नाही. सगळे पडवीत उभे राहिले. ज्यांची मुलं तिकडे होती त्या बायका अम्माच्या बाजूला येऊन बसल्या. महिनाभर आमच्या घरात कुणी मोठ्यानं रडलं नव्हतं, जेवणंसुद्धा गपचूप व्हायची. त्या रात्री सगळं बाहेर पडलं.

दोन मिनिटांत बंद करायची नाही, एवढं आम्ही पाळलं. वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं, चांगलं तापू दिलं. मग पुन्हा कार्बुरेटर रिकामा केला, प्लगमधून तेल सोडलं. लुंगीचा बोळा चिखलात पडून खराब झाला होता. अम्मानं आपल्या जुन्या हिरव्या ओढणीचा तुकडा फाडून दिला.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, फजरच्या वेळी, भाई आला. अम्मानहून विमानानं मुंबई, तिथून रात्रीची एस. टी. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. हातात एक रेक्झिनची बॅग, दाढी वाढलेली, पाय सुजलेले. खिशात कुवेती दिनार होते, पण ते घ्यायला कोणी तयार नव्हतं. इराकनं ते चलनच मोडीत काढायचं ठरवलं होतं. दोन दिवस तो झोपला. तिसऱ्या दिवशी पडवीत गेला, चादर काढली आणि सायलेन्सरकडे बघत राहिला.

"चालू कुणी केली?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आतून अम्मा म्हणाली, "मी."

भाईनं ओढणीचा तुकडा काढला, घडी करून खिशात ठेवला. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. भाभीला आणि मुलाला बसवून तो भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आला.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण नोव्हेंबरात भाईनं स्वतः पावसला जाऊन मास्तरांना बोलावून आणलं आणि गाडी त्यांना दिली. उधारी होती, फी होती, आणि कुवेतला परत कधी जाता येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आखाताच्या भडक्यानं पेट्रोल महागलं होतं. कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीला मागणी होती, आणि तीन पावसाळे काढूनही ही गाडी नव्यासारखी होती. मास्तरांनी ऑगस्टमध्ये सांगितली त्याहून जास्त किंमत आपणहून दिली. आम्हाला रडू येत होतं. भाईला विचारलं, "विकायचीच होती तर एवढी जपली कशाला?" तो म्हणाला, "जपली म्हणून तर विकता आली. गंजलेली असती तर भंगारात गेली असती, आणि आपण काय केलं असतं?"

पुढच्या वर्षी मे अखेर मास्तर वही घेऊन आले. गाडी ठेवायची रीत त्यांनी भाईकडून क्रमवार लिहून घेतली. बोळा आणि लाल दोऱ्याखाली दोन रेघा मारल्या.

कुवेत १९९१ च्या फेब्रुवारीत मोकळं झालं. भाई १९९२ ला परत गेला आणि पुढं वीस वर्षं तिथं राहिला. २००१ साली त्यानं स्प्लेंडर घेतली, ती आज आमच्या पडवीत आहे. आता भाई कायमचा घरी आहे. गुडघ्यांमुळे किक मारवत नाही, पण आगोटीला गाडीसमोर पाट घेऊन बसतो आणि आमच्याकडून एकेक काम करून घेतो. रीत मात्र एका ठिकाणी बदलली. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि ओल फार झाली की ते पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. आमच्या दमट हवेत चार महिने टाकी भरून ठेवणं आता भरवशाचं राहिलं नाही. म्हणून आम्ही टाकी रिकामी करतो, आत थोडं इंजिन ऑइल घालून सगळीकडे फिरवतो, म्हणजे पत्र्यावर तेलाचा हात बसतो. भाईला हे पटायला एक वर्ष लागलं. "तीस वर्षं भरून ठेवायला सांगितली, आता रिकामी करा म्हणता," म्हणाला. पण ऐकलं. दिवस बदलले की बेगमीही बदलते.

पुतण्याच्या फोनवर आम्ही हे सगळं पटापट सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. तिकडे पेट्रोल टिकवायचं औषध बाटलीत मिळतं, बॅटरीला लावून ठेवायचा छोटा चार्जर मिळतो, गाडी ठेवायला तळघरात गरम जागा मिळते. आमच्यापेक्षा त्याची सोय चांगली आहे. मग भाईनं विचारलं, "या वर्षी येणार का रे?"

पलीकडे थोडं थांबल्यासारखं झालं. "बघतो अब्बा. या वर्षी जरा कठीण आहे. पुढच्या वर्षी इन्शाअल्लाह नक्की."

भाई "बरं" म्हणाला. मग म्हणाला, "सायलेन्सरला बोळा लाव. चावीला लाल दोरा बांध. आणि चावी कुठं ठेवली ते सूनबाईला सांगून ठेव. घरातल्या एका माणसाला तरी ठाऊक पाहिजे."

फोन ठेवून तो पडवीत गेला. गाडी तर बाहेर काढलेली, चालती होती. तरी चादर झटकून, घडी घालून, पुढच्या आगोटीसाठी त्यानं ती फडताळात ठेवली. तिच्यावरच हिरव्या कापडाचा एक विटका तुकडा होता. अम्माला जाऊन आता बारा वर्षं झाली. तो बोळा भाई दरवर्षी तोच वापरतो.